मुलांसाठी इंटरॲक्टिव्ह प्रकाश-ध्वनी प्रदर्शनं : काय बघावं, कसं खेळावं, घरी काय करता येईल

रानजाई

नमस्कार मंडळी,

अंधारलेल्या दालनात भिंतभर फुलं उमलतात, पाऊल टाकलं की जमिनीवर लाटा उठतात, खांबाला हात लावला की सूर निघतो. प्रकाश आणि आवाजाची अशी प्रदर्शनं आता जगभर होतात, आणि "सहकुटुंब या" असं जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत लिहिलेलं असतं. आत गेल्यावर मात्र कुठे मुलं हलायला तयार नसतात, तर कुठे पाचव्या मिनिटाला "चला ना घरी" सुरू होतं. हा फरक कशाने पडतो यावर नीट चर्चा व्हावी, जाणकारांनी भर घालावी, म्हणून हा धागा.

माझं मत आधी मांडते. "हे मी केलं" हे मुलाला आपलं आपण उमगलं पाहिजे. पाटी न वाचता, कुणी समजावून न सांगता. हजारो दिवे, प्रचंड पडदे हे सगळं त्यानंतर. चार वर्षांच्या मुलाला हाताखाली एक दिवा लागला आणि हात काढल्यावर विझला, एवढं पुरतं. ते तो पुन्हा लावणार, पुन्हा विझवणार, मग कोपर टेकवून बघणार, मग बाबांचा हात ओढून त्यावर ठेवणार. जिथे हे करायला वाव आहे ते काम मुलांचं, असं मी मानते.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण माँट्रियलच्या २१ झोपाळ्यांचं. 'डेली तू ले जूर' नावाच्या गटाने ते २०११ मध्ये भर शहरात, उघड्यावर बसवले. झोका घेतला की त्या झोपाळ्याचा सूर वाजतो. एकट्याने कितीही जोर काढला तरी ठरावीक सूरच. पण शेजारचे झोके एका लयीत आले की एरवी ऐकू न येणारी धून सुरू होते. हे घडवताना त्यांनी प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक ल्यूक-अलें जिराल्दो यांची मदत घेतली होती, कारण प्रश्नच तसा होता: अनोळखी माणसं एकमेकांशी जुळवून कधी घेतात? तिथे पाच वर्षांची मुलगी आणि साठीचे गृहस्थ एकमेकांकडे बघत पाय मागे-पुढे करतात, आणि दोघांपैकी कोणीच कोणाला शिकवत नसतं.

दुसरं उदाहरण टीमलॅब या जपानी कलाकार-गटाच्या 'स्केच ॲक्वेरियम'चं. मूल कागदावर मासा रंगवतं, तो स्कॅन होतो आणि भिंतीवरच्या समुद्रात पोहायला लागतो. हात लावला की पळतो. जांभळ्या ठिपक्यांचा, एक डोळा मोठा एक छोटा असा आपला मासा शोधत मूल भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतं, आणि सापडला की आधी त्याच्याशी बोलतं, मग आईला हाक मारतं.

तर सांगा: कितव्या वर्षापासून न्यावं? आवाज-प्रकाशाचा त्रास होणाऱ्या मुलांचं काय? आणि हेच घरी थोडंफार करता येईल का?

तारजोड

छान धागा. मी प्रदर्शनांची तांत्रिक बाजू सांभाळतो, त्यामुळे पडद्यामागचं थोडं लिहितो. कुठे वेळ द्यायचा हे ठरवायला उपयोग होईल.

माणूस कुठे आहे हे ओळखायचे प्रकार मोजके आहेत. सर्वात साधा म्हणजे जमिनीखालचा किंवा झोपाळ्याच्या दांड्यातला सेन्सर: वजन पडलं, हालचाल झाली, की आवाज. दुसरा स्पर्शाचा, त्यात शरीरातून जाणारी अगदी नगण्य वीज मोजतात. तिसरा कॅमेऱ्याचा. डेव्हिड रोकबी या कॅनेडियन कलाकाराने १९८०च्या दशकातच कॅमेरा आणि संगणक जोडून शरीराच्या हालचालीतून संगीत काढलं होतं. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट आला. तो अवरक्त किरणांनी समोरच्या वस्तूचं अंतर मोजायचा. खरं तर व्हिडिओ गेमसाठी काढलेला, पण स्वस्त असल्याने कलाकारांनी तो उचलून धरला. तेव्हापासून अशा कामांना जोरच आला.

आता मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचं. हात हलवणं आणि प्रतिसाद येणं यांत साधारण दशांश सेकंदापेक्षा जास्त वेळ गेला, की "माझ्यामुळे झालं" ही जाणीव पातळ होते. मोठा माणूस थांबून विचार करतो, लहान मूल तोवर पुढच्या वस्तूकडे गेलेलं असतं. दालनात शिरल्यावर मी एकच गोष्ट करून बघतो. एका जागी गप्प उभा राहतो. मी काही करत नसताना भिंतीवर तेच चाललं असेल, तर तो नुसता व्हिडिओ आहे. मग हात हळू वर नेतो, मग झटकन. दोन्ही वेळेला वेगळं काही झालं तर त्या कामात खोली आहे.

गर्दी हा या कामांचा शत्रू. कॅमेऱ्याला दहा मुलं एकमेकांना चिकटून दिसली की त्यांचा एकच मोठा ठिपका होतो आणि कुणाचा प्रतिसाद कुणाला हे कळेनासं होतं. उघडल्या उघडल्या पोचा, किंवा शेवटच्या वेळेत जा. अंगावर प्रकाश पडायचा असेल तर फिक्या रंगाचे कपडे घाला, गडद कपड्यांवर काही उमटत नाही.

अबोली_२

टोकियोला जाणाऱ्यांसाठी थोडं. टीमलॅबचं 'बॉर्डरलेस' २०१८ ला ओदाइबात सुरू झालं होतं, ते २०२२ मध्ये बंद झालं आणि २०२४ पासून अझाबुदाई हिल्समध्ये आहे. जुने लेख वाचून भलतीकडे जाऊ नका. 'प्लॅनेट्स' वेगळं, ते तोयोसूत. तिथे अनवाणी जावं लागतं, एका दालनात मोठ्यांच्या गुडघ्याएवढं पाणी आहे, आणि काही ठिकाणी जमिनीवर आरसे आहेत. वर गुंडाळता येईल अशी पँट घाला, मुलांसाठी कपड्यांचा एक जोड जवळ ठेवा.

आणि एक प्रश्न. माझं पिल्लू अडीच वर्षांचं आहे आणि अंधाराला घाबरतं. त्याला नेण्यात अर्थ आहे का?

गोधडी

अबोली, अंधाराला घाबरणं त्या वयात अगदी सामान्य आहे. नेण्यात अर्थ आहे, पण सगळं दाखवायचंच असा हट्ट नको. दाराशीच थांबायचं. बाहेरच्या उजेडाकडे पाठ नाही, तोंड राहील असं कडेवर घ्यायचं. आतला आवाज आधी दुरून ऐकू द्यायचा. त्याने बोट दाखवलं की त्या दिशेने चार पावलं. एवढ्यावर परत आलात तरी चालेल. एकाच दिव्यापाशी अर्धा तास बसला तर बसू दे, त्याला उचलून "अगं, पुढे अजून किती आहे" करू नका.

मी विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबर काम करते, म्हणून रानजाईताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहिते.

लोकांना हे सगळं नवीन वाटतं, पण प्रकाश-ध्वनीच्या खोल्या आमच्या क्षेत्रात १९७०च्या दशकापासून आहेत. नेदरलँड्समधल्या 'हार्टेनबर्ग' या संस्थेत यान हुल्सेगे आणि आद फेरहुल यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांसाठी 'स्नूझेलेन' खोल्या सुरू केल्या. बुडबुडे वर जाणारी पाण्याची उजळ नळी, मुठीत धरता येणारे चमकते फायबरचे तंतू, थरथरणारी गादी, मंद संगीत. तिथे कोणतंही उद्दिष्ट पूर्ण करायचं नसतं. मूल कशाकडे वळतं ते बघायचं आणि त्याच्या मागे जायचं. आजच्या झगमगीत प्रदर्शनांनी घ्यावं असं त्यात बरंच आहे, विशेषतः संथपणा.

स्वमग्न मुलांना घेऊन जाताना आधी फोटो दाखवा: हे दार, ही रांग, इथे अंधार होणार, इथे मोठा आवाज येणार, इथून बाहेर पडता येतं. क्रम ठाऊक असला की निम्मा ताण जातो. कान झाकणारे इअरमफ सोबत असूद्यात. कमी गर्दीची, आवाज आणि प्रकाश उतरवलेली खास वेळ बरीच संग्रहालयं ठेवतात. तिकीट काढण्यापूर्वी ती विचारून घ्या. शांत बसायची खोली कुठे आहे तेही विचारा.

आता लखलखाटाबद्दल. काही जणांना ठरावीक वेगाने उघडझाप करणाऱ्या प्रकाशाने फिटचा (अपस्माराचा) झटका येऊ शकतो, आणि तोवर घरच्यांना याची कल्पनाही नसते. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल आणि निळा रंग सेकंदाला साधारण बारा वेळा आलटून-पालटून चमकला, आणि सहाशेहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यांत बहुतेक मुलंच होती. सेकंदाला ३ ते ३० उघडझापी हा पट्टा सर्वाधिक धोक्याचा मानतात. दाराशी स्ट्रोबची, म्हणजे वेगाने लखलखणाऱ्या दिव्यांची, सूचना असेल तर ती गंभीरपणे घ्या. मुलाला अचानक लखलखाट सोसवेनासा झाला तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि बाहेर पडा. नुसते डोळे मिटून भागत नाही, प्रकाश पापणीतूनही आत जातो.

पाणवठा

चर्चा मनापासून वाचली. माझी शंका प्रामाणिक आहे, राग मानू नये. मुलं आधीच पडद्यात बुडालेली आहेत. त्यांना आणखी एका पडद्यासमोर, तोही भिंतीएवढ्या, कशाला उभं करायचं? झाडाखालचे कवडसे आणि आडातला घुमणारा आवाज यांत काय कमी आहे?

रानजाई

काका, रागाचं काहीच नाही, शंका रास्त आहे. पण या कलेचा पडद्याशी संबंध असलाच पाहिजे असं नाही, हेही सांगते.

क्रोएशियात झादर गावी निकोला बाशिच या वास्तुकाराने २००५ मध्ये समुद्राचं ऑर्गन बांधलं. किनाऱ्याला संगमरवरी पायऱ्या, त्यांच्याखाली ३५ नळ्या. लाट आली की नळीतली हवा ढकलली जाते आणि सूर निघतो. वीज नाही, वादक नाही. मुलं पायरीवरच्या भोकांना कान लावून पालथी पडतात. बोट गेली की मोठी लाट येणार आणि सूर बदलणार, हे त्यांना आपोआप कळतं. शेजारीच २००८ मध्ये त्यांनी 'सूर्याला वंदन' केलं: २२ मीटर व्यासाचं काचेच्या ३०० तावदानांचं वर्तुळ. दिवसभर ऊन साठवतं आणि अंधार पडल्यावर पायांखाली उजळतं.

विजापूरचा गोलघुमट तर सतराव्या शतकातला. वरच्या सज्ज्यात एका बाजूला भिंतीशी कुजबुजलेलं समोरच्या बाजूला स्पष्ट ऐकू येतं. मी त्यालाही याच यादीत धरते.

तुम्ही म्हणता ते कवडसेही अगदी बरोबर. पानांमधल्या फटीतून पडणारे ते गोल ठिपके सूर्याच्याच प्रतिमा असतात. खंडग्रास सूर्यग्रहणात त्यांच्या चंद्रकोरी होतात. चांगलं प्रदर्शन मुलाला परत त्या झाडाखाली नेऊन उभं करतं, असं मला मनापासून वाटतं.

तारजोड

काकांच्या मुद्द्याला जोडून सॅन फ्रान्सिस्कोच्या 'एक्स्प्लोरेटोरियम'चा उल्लेख करायलाच हवा. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी ते १९६९ मध्ये सुरू केलं, आणि २०१३ पासून ते बंदरावरच्या पिअर १५ वर आहे. तिथे सुरुवातीपासून कलाकार आणि शास्त्रज्ञ एकत्र काम करतात. बॉब मिलर यांची 'सन पेंटिंग' ही कलाकृती बघा: सूर्यप्रकाश आरशांनी आत आणायचा, लोलकांतून फोडायचा आणि पांढऱ्या पृष्ठभागावर त्याचे रंग पसरवायचे. बाहेर ढग आला की चित्र बदललं. मला आवडतं ते त्यांचं वर्कशॉप. ते प्रेक्षकांना दिसेल असं उघडं ठेवलेलं आहे. लाकूड कापताना, तारा जोडताना मुलं कठड्यापाशी उभी राहून बघतात. अशा वस्तू माणसं बनवतात, आपणही बनवू शकतो, हे त्यांना तिथे कळतं.

मंद्रसप्तक

मी संगीत शिकवते. आवाजाच्या बाजूने भर घालते.

या प्रदर्शनांत आवाजाची आबाळ होते, हे माझं ठाम मत. प्रकाशावर जीव ओतलेला असतो आणि आवाज म्हणजे सगळीकडून येणारी एकच गुंगी. कोणता सूर आपण काढला ते मुलाला ओळखूच येत नाही. तुम्ही वर लिहिलेल्या झोपाळ्यांचं यश मला त्यातच दिसतं: प्रत्येकाचा सूर वेगळा आणि मधे मोकळी जागा. शांतता असेल तरच आवाज केल्याचं समाधान मिळतं.

पातळीचंही भान हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित ऐकण्याच्या मानकात मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबल तेवढाच वेळ, अशी मर्यादा आहे. ते मानक कानाला लावायच्या उपकरणांसाठी आहे, पण अंदाज यायला पुरतं. दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर त्या दालनात लहान मुलाला फार वेळ ठेवू नका.

ऐकू न येणाऱ्या मुलांनाही यात पुष्कळ मिळतं, हे मुद्दाम सांगते. एव्हलिन ग्लेनी या जगप्रसिद्ध तालवादक जवळजवळ पूर्ण कर्णबधिर आहेत. त्या बऱ्याचदा अनवाणी वाजवतात, कंपनं अंगाने घेतात. मुलाच्या दोन्ही हातांत फुगवलेला फुगा द्या आणि स्पीकरजवळ उभं करा. खर्जातला सूर आला की फुगा तळव्यांत थरथरतो. लाकडी फळीवर पाय सोडून बसवलं तर ढोलाचा ठेका पोटऱ्यांपर्यंत पोचतो. माझ्या एका विद्यार्थिनीने असा फुगा गालाला लावला आणि मी आलाप संपवला तरी "अजून" अशी खूण करत राहिली.

कवडसा

रानजाई, घरी करण्यासारखं एक लिहितो. आमच्याकडे सुट्टीत हे हमखास होतं. रंगीत सावल्या.

लागतं काय: तीन सारखे एलईडी टॉर्च, आणि लाल, हिरवा, निळा जिलेटीन कागद. जुना तापणारा बल्ब वापरू नका, कागद वितळतो. प्रत्येक टॉर्चवर एक रंग रबरबँडने बसवायचा. तिन्ही टॉर्च एका टेबलावर, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, एकाच पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. खोलीत काळोख करायचा. तिन्ही प्रकाश जिथे एकत्र पडतात तिथे भिंत जवळजवळ पांढरी दिसते. रंग कमी-जास्त वाटला तर तो टॉर्च थोडा मागे-पुढे सरकवा. बाजारातला कागद अगदी शुद्ध रंगाचा नसतो, हिरव्याला बहुधा दुहेरी घडी लागते.

आता मुलाला मधे हात धरायला सांगा. काळी सावली पडत नाही! तीन हात उमटतात: एक आकाशी-हिरवट, एक राणी रंगाचा, एक पिवळाधमक. कारण हाताने लाल अडवला की तिथे हिरवा आणि निळा उरतो, तो आकाशी-हिरवट दिसतो. हिरवा अडला तर लाल-निळ्याचा राणी. निळा अडला तर लाल-हिरव्याचा पिवळा. हात भिंतीजवळ नेला की सावल्या एकमेकींवर चढतात. दोन सावल्या चढतात तिथे शुद्ध लाल, हिरवा किंवा निळा, आणि तिन्ही चढतात तिथेच काळं. हे स्पष्टीकरण आधी देऊ नका. आमच्या घरातल्या सहा वर्षांच्या बाईंनी टॉर्च एकेक करून स्वतः झाकून बघितला आणि "हा झाकला की पिवळी जाते" हे आपणहून शोधून काढलं. मग आजी उठली, हातांचा हरीण केला, आणि तीन रंगांची हरणं भिंतीवर चरायला लागली. त्यानंतर टॉर्च कुणी बंद करू देईना.

ओलाफुर एलियासन या कलाकाराने २०१० मध्ये याच तत्त्वावर मोठ्या दालनाएवढं काम केलंय. घरी हे खेळलेली मुलं तिथे गेली की थेट दिव्यांकडे वळून बघतात.

पाणवठा

कवडसा, हे करून बघतो. नातवंडं येणार आहेत. माझी शंका बरीचशी फिटली.

अबोली_२

एलियासनचंच २००३ चं 'द वेदर प्रोजेक्ट' होतं ना, लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये? अर्धवर्तुळात पिवळे दिवे आणि छताला आरसे, म्हणजे आरशात बाकीचा अर्धा सूर्य पूर्ण व्हायचा. त्या दिव्यांच्या प्रकाशात पिवळा आणि काळा सोडून कोणताच रंग दिसत नसे. मोठी माणसंसुद्धा जमिनीवर आडवी व्हायची आणि छतात स्वतःला शोधत हातपाय हलवायची. एकही सेन्सर नाही!

गोधडी

हो, आणि मोठ्यांनी आडवं होणं हा मुद्दा फार मोलाचा. आईबाबा भिंतीशी उभे राहून फोन बघत असतील तर मूल दोन मिनिटांत त्यांच्याकडे परत येतं. तुम्ही जमिनीवर बसलात की तेही तिथेच टेकतं.

फोनबद्दल आणखी एक व्यावहारिक कारण आहे. डोळे काळोखाला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मधे एकदा फोनचा उजळ पडदा बघितला की ते सगळं पाण्यात, आणि मंद प्रकाशाची कामं दिसेनाशी होतात. तुमचीच नाही, शेजारच्या मुलाचीही. फोटो शेवटच्या दालनात काढा.

तारजोड

कुटुंबाने मिळून अनुभवायचं एक काम सुचवतो. राफाएल लोझानो-हेमर यांचं २००६ चं 'पल्स रूम'. खोलीभर साधे बल्ब टांगलेले. एका टोकाला दांडा आहे, तो दोन्ही हातांनी धरला की नाडी मोजली जाते आणि जवळचा बल्ब त्या ठोक्यावर उघडझाप करतो. हात सोडला की क्षणभर सगळं विझतं, मग तुमचा ठोका रांगेतल्या पहिल्या बल्बवर जातो आणि आधीच्या सगळ्यांचे ठोके एकेक घर पुढे सरकतात. लहान मुलाची नाडी मोठ्यांपेक्षा जलद असते. त्यामुळे मुलगी आणि आजोबा यांनी एकामागोमाग दांडा धरला, तर शेजारशेजारच्या दोन बल्बांत कोणता कोणाचा हे लगेच ओळखू येतं. हे काम वेगवेगळ्या देशांत फिरतं. उघडझाप चालू असते, त्यामुळे गोधडीताईंनी दिलेली सूचना इथेही लागू.

मंद्रसप्तक

घरचा आवाजाचा खेळ राहिलाच. खोलगट वाडग्यावर पातळ प्लॅस्टिक ताणून बसवा, रबराने घट्ट करा आणि वर चिमूटभर बारीक मीठ भुरभुरा. आता तोंड जवळ नेऊन, पण फुंकर न घालता, एकच सूर लांब धरा. आवाज चढवत-उतरवत गेलात की एका विशिष्ट सुराला मीठ अचानक नाचायला लागतं आणि रेषांत गोळा होतं. अर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७८७ मध्ये धातूच्या पत्र्यावर वाळू टाकून आणि कडेला व्हायोलिनचा गज फिरवून अशाच आकृत्या प्रसिद्ध केल्या होत्या. प्लॅस्टिक सैल असेल तर काही होत नाही, तबल्याच्या पुडीइतकं ताणा. मुलांना म्हणावं, आपापला सूर शोधा; आणि मग दोघांनी एकदम लावून बघा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. अबोली, पिल्लासाठी आधी घरीच, खोलीत थोडा उजेड ठेवून, कवडसा यांचा खेळ एकाच टॉर्चने करून बघ. काळोख किती करायचा ते त्यालाच बटण दाबून ठरवू दे.

कुणी अलीकडे एखादं प्रदर्शन मुलांसह बघितलं असेल तर या तीन गोष्टी जरूर लिहा: प्रतिसाद लगेच येतो का, बसायला जागा आहे का, आणि शांत वेळ ठेवलेली आहे का.